पुन्हा पंच म्हणून बोलावणे आले तर?

दुकानात गिऱ्हाईक बसलेले असते. तागा उलगडून फळीवर पसरलेला असतो, भाव जवळजवळ ठरलेला असतो. अशा वेळी पायरीवर खाकी कपडा दिसतो आणि हाक येते, "चाचा, दोन मिनिटं चाला बरं. पंच पाह्यजे." बाजारपेठेत वीस-पंचवीस वर्षे दुकान चालवलेल्या माणसाला ही हाक नवीन नाही. दोन मिनिटांचे दोन तास होतात. सही होते. माणूस विसरून जातो. मग चार-पाच वर्षांनी कोर्टाचे समन्स घेऊन शिपाई दारात उभा राहतो आणि तारखा सुरू होतात.

नरखेड तालुक्यात माझा कापडाचा धंदा आहे. मला आतापर्यंत दोनदा पंच म्हणून बोलावले गेले. पहिल्यांदा मी काही न विचारता गेलो. दुसऱ्यांदा मी सुटका मिळावी म्हणून खटपट केली. या दोन्ही वेळी जे शिकलो ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख. त्यात माझ्या चुका आहेत. त्या गाळल्या असत्या तर लेखाचा उपयोग राहिला नसता.

पहिली सही

१९९९ सालची गोष्ट. पावसाळा होता. वडील गल्ल्यावर बसत आणि मी नागपूरच्या गांधीबागेतून माल आणणे, खेडोपाडी उधारी वसूल करणे ही कामे पाही. एका संध्याकाळी जमादार आले. चोरीच्या साड्यांचे गठ्ठे सापडले होते आणि कापडाची पारख असलेला पंच त्यांना हवा होता. वडील म्हणाले, "जाओ बेटा, सरकारी काम है." मी गेलो.

एका घराच्या ओसरीत बॅटरीच्या उजेडात गठ्ठे ठेवले होते. वीज गेलेली, पाऊस लागलेला. पंचनामा आधीच लिहून तयार होता. दुसरे पंच सही करून निघूनही गेले होते. मला दुरून गठ्ठे दाखवले, कागद पुढे केला आणि मी सही केली. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे सही उर्दूत आहे. पंधरा मिनिटांत काम संपले म्हणून मी खूशच झालो.

२००४ मध्ये समन्स आले. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्या तारखेला आरोपी हजर नव्हता. तिसऱ्या तारखेला दुपारी साडेतीन वाजता माझ्या नावाचा पुकारा झाला. सरकारी वकिलांचे प्रश्न सोपे होते. मग आरोपीचे वकील उभे राहिले.

"शिक्षण कोणत्या माध्यमात झाले?" उर्दू. "सही कोणत्या लिपीत आहे?" उर्दू. "पंचनामा कोणत्या भाषेत आहे?" मराठी. "सही करण्यापूर्वी वाचला होता का?"

मला मराठी उत्तम वाचता येते. दुकानाच्या वह्या, बिले, वर्तमानपत्र सगळे मराठीतच चालते. तेवढे सांगून वेळ मारून नेता आली असती. पण वाचता येते का, हे वकिलांनी विचारले नव्हते. वाचला होता का, हे विचारले होते आणि मी शपथ घेतली होती. मी म्हणालो, "नाही."

मग मुद्देमालातली एक साडी माझ्या हातात दिली. "पंचनाम्यात सुती साड्या असे लिहिले आहे. आपण कापडाचे व्यापारी. ही साडी सुती आहे का?" कापडवाल्याला धागा जाळून पाहण्याची गरज नसते, बोटांना कळते. साडी पॉलिएस्टरची होती. तसे मी सांगितले. कोर्टात कोणीतरी हसले.

पुढे तो आरोपी सुटला, असे कानावर आले. चोरीच्या वेळी तो विशीतला पोरगा असेल. तो खरा चोर होता की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. चोर असेल तर ज्याचा माल गेला त्या व्यापारी भावाचा मी गुन्हेगार आहे, कारण माझ्या सहीने चोर सुटला. चोर नसेल तर ती पाच वर्षे त्या पोराने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यातही माझ्या सहीचा हात आहे. आम्ही व्यापारी गठ्ठा उघडून नग मोजल्याशिवाय ट्रान्सपोर्टच्या पावतीवर सही करत नाही. तिथे शे-दोनशेचे नुकसान होऊ नये म्हणून इतकी काळजी, आणि इथे एका माणसाच्या आयुष्याच्या कागदावर मी न वाचता सही केली.

ज्युरी गेली, पंच राहिले

सामान्य माणसाला न्यायाच्या कामी बोलावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. इंग्रजांनी ज्युरी आणली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार २१ ते ६० वर्षे वयाचा पुरुष ज्युरर किंवा असेसर म्हणून बोलावणे येण्यास पात्र असे. जिथे ज्युरी नव्हती तिथे सत्र न्यायाधीशांबरोबर असेसर बसत. त्यांचे मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसे. मोठे अधिकारी, पोलीस, वैद्यकी करणारे, वकील, टपाल-तार खात्याचे नोकर, धर्मकार्य करणारे यांना माफी होती. दुकानदाराला नव्हती. बोलावूनही जो आला नाही त्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे, आणि तो त्या काळचा शंभर रुपये होता.

ज्युरीत कोण बसतो याला किती महत्त्व असते, ते लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत दिसले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ होते. सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. १९०८ च्या खटल्यात सात युरोपियन आणि दोन पारशी होते. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि टिळकांना मंडालेला जावे लागले.

स्वातंत्र्यानंतर ज्युरीवरचा विश्वास कमी होत गेला. असेसरांची पद्धत १९५५ च्या दुरुस्तीने बंद झाली. विधी आयोगाने १९५८ च्या अहवालात ज्युरी बंद करण्याची शिफारस केली. १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. हीच भारतातली शेवटची ज्युरी, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, काही ठिकाणी ज्युरी त्यानंतरही चालू होती. पण १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या १९७३ च्या संहितेत तिला जागा उरली नाही. पारशी समाजाच्या विवाहविषयक न्यायालयात मात्र न्यायाधीशांबरोबर पाच प्रतिनिधी बसण्याची पद्धत टिकून राहिली.

म्हणजे आपल्यासारख्या दुकानदाराला फौजदारी न्यायात जी एकच जागा शिल्लक राहिली, ती पंचाची. पंच निकाल देत नाही. त्याने जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे असते. पण पोलिसांनी लिहिले ते खरे की खोटे, हे सांगणारा पोलीस नसलेला माणूस तोच असतो.

आणि पंचनामा म्हणजे फक्त चोरी-मारामारी, असेही नाही. मोवाड आमच्याच तालुक्यातले. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने ते गाव उद्ध्वस्त झाले, दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर नुकसानीचे पंचनामे सुरू झाले. ज्याच्या घराची भिंतही उरली नव्हती, त्याचे घर तिथे होते हे दोन शेजाऱ्यांनी सांगायचे आणि सही करायची. वडिलांनीही ओळखीच्या एका कुटुंबासाठी अशी सही केली होती. त्या वेळी पंच होण्याचा कंटाळा केल्याचे मी कोणाकडून ऐकले नाही, कारण सही कोणासाठी आहे ते सर्वांना डोळ्यांसमोर दिसत होते.

सुटका मागण्याचे खरे मार्ग

आता कामाची गोष्ट. पुन्हा बोलावणे आले तर नाही म्हणता येते का? दुसऱ्या वेळी मी ओळखीच्या एका वकील साहेबांना हेच विचारले. त्यांनी सांगितले आणि मी नंतर ताडून पाहिले, ते असे:

१) झडती आणि जप्तीसाठी पोलिसांनी त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, असा कायदा आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १०३ मध्ये आले आहे. त्या भागात कोणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तर दुसऱ्या भागातला माणूस घेता येतो.

२) लेखी आदेश हाती दिल्यावरही योग्य कारण नसताना जो झडतीला येण्यास नकार देतो, तो गुन्हा करतो. त्याला साधी कैद किंवा दंड होऊ शकतो. नुसत्या तोंडी हाकेसाठी हे कलम नाही. म्हणून नम्रपणे लेखी आदेश मागणे हा आपला हक्क आहे, उद्धटपणा नाही.

३) "योग्य कारण" म्हणजे काय? खरे आजारपण, घरातले मयत किंवा लग्न, आरोपीशी किंवा फिर्यादीशी नाते, देणेघेणे, वैर. व्यापाऱ्याने हे शेवटचे कारण नीट लक्षात ठेवावे. ज्याच्याकडे आपली उधारी अडकली आहे त्याच्या झडतीत पंच होऊ नये. तुमची साक्ष स्वतंत्र राहत नाही आणि उद्या सगळा बाजार म्हणेल की उधारीचा सूड घेतला.

४) आपण आधी पंच होतो, हे सुद्धा सांगण्यासारखे कारण आहे. अमेरिकेत ज्युरीची पद्धत अजून आहे. न्यू जर्सीत आपली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. तिथे गेल्या तीन वर्षांत ज्युरीचे काम केलेल्या माणसाला पुन्हा बोलावणे आले तर त्या कारणावर सूट मागता येते. आपल्याकडे पंचाला अशी सवलत नाही. उलट जो एकदा निमूटपणे आला त्यालाच पुन्हा हाक येते. पण एकाच ठाण्याच्या प्रकरणांत वारंवार दिसणाऱ्या "नेहमीच्या पंचा"कडे न्यायालये संशयाने पाहतात. तेवढ्यावरून साक्ष फेटाळली जातेच असे नाही, पण आरोपीच्या वकिलाला मुद्दा मिळतो. म्हणून अधिकाऱ्यांना सरळ सांगावे, "साहेब, मी तुमच्याच ठाण्यात याआधी पंच झालो आहे. मला पुन्हा घेतले तर तुमचीच केस कच्ची होईल." हे कारण खरे आहे आणि समजूतदार अधिकारी ते ऐकतो.

५) झडतीच्या पंचाने कोर्टात यावेच असे नाही. कोर्टाने खास समन्स काढले तरच जावे लागते. पण समन्स आले की ते टाळू नये. गैरहजर राहिल्यास दंड होतो, वॉरंटही निघू शकते. वॉरंटवर दुकानातून नेले जाण्याची बेइज्जती पाचशे रुपयांच्या दंडापेक्षा मोठी असते.

६) तारखेला जाणे शक्य नसेल तर तारखेच्या आधी अर्ज द्यावा. कारण लिहावे, पुरावा जोडावा आणि आपण कोणत्या दिवशी येऊ शकतो तेही लिहावे. अर्ज सरकारी वकिलांच्या हातून द्यावा. नव्या कायद्यात ठरवून दिलेल्या ठिकाणाहून दृकश्राव्य माध्यमाने साक्ष घेण्याची तरतूद आली आहे. अंतर लांब असेल तर त्याबद्दल विचारावे.

७) साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता, खास कारण लिहून ठेवल्याशिवाय तारीख वाढवू नये, असे नव्या संहितेचे कलम ३४६ सांगते. जुन्या संहितेतही ते होते. कलम ३५० खाली फौजदारी कोर्ट साक्षीदाराला सरकारकडून वाजवी खर्च देण्याचा आदेश करू शकते. हा भत्ता मागावा लागतो. संकोच करू नये.

दुसऱ्यांदा

दुसरे बोलावणे २०२३ च्या डिसेंबरात आले. लग्नसराई जोरात होती. एका नवरीकडची मंडळी दुकानात बसली होती. गावाबाहेरच्या रस्त्यावर संत्र्याचा ट्रक आणि मोटारसायकल यांचा अपघात झाला होता, मोटारसायकलवरचा माणूस जागीच गेला होता. घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठी पंच हवे होते.

२००४ ची उलटतपासणी मला आठवली. मी फौजदार साहेबांना सांगितले की मला रक्तदाब आहे, मुलगा बाहेरगावी आहे, दुकानात मी एकटा आहे. रक्तदाबाची गोळी मी घेतो हे खरे. पण तासभर उभे राहता येत नाही, हे खरे नव्हते. मुलगा बाहेरगावी होता, पण दुकानात दोन नोकर होते. मग मी आत जाऊन वकील साहेबांना फोन लावला आणि वर लिहिलेले बरेचसे त्या फोनवर कळले. शेवटी ते म्हणाले, "यातलं कोणतं कारण तुम्हाला लागू होतं?" मी गप्प राहिलो. एकही लागू होत नव्हते. ठाणेही पहिल्या वेळचे नव्हते.

फौजदार तरुण होते. त्यांनी जबरदस्ती केली नाही. ते म्हणाले, "राहू द्या चाचा. पानठेल्यावाल्याला घेतो. तो नेहमीच येते."

तो पानठेल्यावाला मला माहीत होता. भला माणूस, पण तो समोर येईल त्या कागदावर सही करतो. मी १९९९ मध्ये केली होती तशीच. मी चपला घातल्या.

रस्त्यावर रक्त आणि संत्री पडली होती. ट्रकच्या चाकांच्या घसरणीची काळी खूण डांबरावर स्पष्ट दिसत होती. लिहिणाऱ्याने नजरेने पाहून "अंदाजे १० फूट" असे लिहिले. ज्याचा जन्म कापड मोजण्यात गेला त्याला "अंदाजे" हा शब्द सहन होत नाही. मी म्हणालो, "साहेब, मोजून घेऊ." मोजपट्टी जीपमध्येच होती. एक टोक दुसऱ्या पंचाने धरले, दुसरे मी. खूण १८ फूट भरली. त्या खुणेच्या लांबीवरून गाडीच्या वेगाचा अंदाज करतात, वेगावरून चूक कोणाची ते पाहतात, आणि चुकीवर त्या मेलेल्या माणसाच्या घरच्यांची भरपाई अवलंबून असते. आकडा दुरुस्त झाला. दुरुस्तीच्या जागी फौजदार साहेबांनी आणि आम्ही दोन्ही पंचांनी सह्या केल्या. मी पंचनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मगच उर्दूत सही केली. दुकानावर परतलो तेव्हा नवरीकडची मंडळी निघून गेली होती. ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही.

त्या रात्री मी रोजमेळाच्या वहीत वेगळ्या पानावर उर्दूत टिपून ठेवले. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होते, काय मोजले, काय दुरुस्त केले. ही सवय सर्वांनी लावून घ्यावी. पाच वर्षांनी आठवण दगा देते, वही दगा देत नाही.

समन्स २०२५ च्या मार्चमध्ये आले. तारीख नेमकी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतली. कापडवाल्यासाठी वर्षभराची कमाई त्या दहा दिवसांत असते, त्यात मार्चअखेरचा हिशेब. या वेळी मी बहाणा केला नाही. आठ दिवस आधी अर्ज दिला, खरे कारण लिहिले आणि ईदनंतरच्या कोणत्याही तारखेला येतो, असे कबूल केले. तारीख ईदनंतरची मिळाली. साक्ष दीड तासात आटोपली. वकिलांनी तोच जुना प्रश्न विचारला, "पंचनामा वाचला होता का?" मी म्हणालो, "वाचला. एक आकडा चुकला होता, तो मोजून दुरुस्त करायला लावला." पुढचा प्रश्न आला नाही. घरच्यांचा भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालू आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. आकडा मात्र खरा आहे.

हुकमाच्या दोन बाजू

आपण देण्याघेण्याचे लोक आहोत. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीच्या लिखापढीबद्दल आहे, हे आपल्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याने जुम्म्याच्या बयानात ऐकलेले असते. त्याच आयतीत साक्षीबद्दल दोन गोष्टी आल्या आहेत. साक्षीदाराला बोलावले तर त्याने नाकारू नये, आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये. आपल्याला बहुतेक वेळा पहिली गोष्टच ऐकवली जाते. दुसरी मागे पडते.

देशाच्या कायद्याचेही तसेच आहे. साक्षीदाराने यावे यासाठी दंड आणि वॉरंट आहे. त्याला त्रास होऊ नये यासाठीही तरतुदी आहेत, पण त्या कागदावर झोपलेल्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वरणसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हे स्पष्ट शब्दांत मांडले. साक्षीदार पुन्हा पुन्हा येतो, दिवसभर ताटकळतो, बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, शेवटी तारीख घेऊन परत जातो, आणि म्हणून सभ्य माणूस साक्षीदार व्हायला तयार नसतो, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याचे ठरवले. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभर लागू केली. नव्या कायद्याच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे, पंचांच्या सह्यांसकट, चित्रीकरण करावे लागते, मोबाईलवर केले तरी चालते. १९९९ मध्ये असे चित्रीकरण असते, तर आधीच लिहून ठेवलेल्या पंचनाम्यावर दुरून गठ्ठे पाहून सही करताना मी दहा वेळा विचार केला असता.

म्हणून प्रत्येक गावच्या व्यापारी संघाने दोन कामे करावीत. एक, तालुक्याच्या वकील संघाकडे जाऊन साक्षीदारांसाठी बसायला बाक, प्यायला पाणी आणि पुकाऱ्याची अंदाजे वेळ मिळावी, हजर साक्षीदाराची साक्ष त्याच दिवशी व्हावी, भत्त्याचा अर्ज कोर्टातच भरून मिळावा, ही मागणी मांडावी. मागणी एकट्याने केली तर ती कुरकुर ठरते, संघाने केली तर तिची नोंद होते. दोन, आपसात पाळी ठरवावी. दरवेळी त्याच दुकानाच्या पायरीवर हाक येऊ नये आणि दरवेळी तोच पानठेल्यावाला जाऊ नये. बाजारात शंभर दुकाने असतील तर एकाची पाळी कितीतरी वर्षांनी येईल. धंद्याला तो भार होणार नाही.

आपल्या समाजात पोलीस ठाण्याचे नाव काढले की माणूस दोन पावले मागे सरतो. त्याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत आणि ती सगळीच खोटी नाहीत. पण उद्या आपल्याच मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराच्या घरी झडती झाली, तर तिथे कोण पंच असावा असे आपल्याला वाटेल? डोळे उघडे ठेवणारा, कागद वाचणारा, चूक दिसली तर दुरुस्त करून मागणारा आणि कोर्टात खरे सांगणारा. असा माणूस दुसऱ्याच्या पोरासाठी आपण व्हायला हवा.

तेव्हा बंधूंनो, पुन्हा बोलावणे आले आणि खरी अडचण असेल तर ती स्पष्ट सांगा, लेखी सांगा आणि मोकळे व्हा. अडचण नसेल तर जा. चष्मा बरोबर घ्या, कागद पूर्ण वाचा, मोजायचे असेल ते मोजा आणि मगच सही करा. सही उर्दूत असो की मराठीत, ती तुमची आहे.